बायनाबाईच्या बोऱ्यावर

—हो जी, मीच बायनाबाई. दुसरी कोन राहीन? हा बायनाबाईचा बोरा, हा बायनाबाईचा विळा, आन् बोऱ्यावर जे बसून हाये ते मी—मंग मीच बायनाबाई ना! बसा ना भाऊ, त्या उलट्या घमेल्यावर बसा, मोडत नाई ते, तुमच्यापेक्षा वजनदार लोकं बसून गेले त्याच्यावर. कोनता देऊ? रोहू देऊ का कतला? रोहूच घ्या. सकाळीच तलावातून आला, गलफडं पाहा कसे लालभडक हायत. खवले काढून देतो, तुकडे करून देतो, तुमी आरामशीर बसा आन् काय इचाराचं हाये ते इचारा. मच्छी घ्याले आलो मनता—मंग मच्छीकडं एकदा बी नजर नाई टाकली, आन् केवळरामच्या टुरीचं नाव तेवढं घेऊन मोकळे झाले. नाई नाई, मी काई मनत नाई. लगनाची चौकशी कराले सारे लोकं ब्रम्हपुरीच्या ह्या मच्छी बाजारातच येतेत. पोरीच्या घरी गेलं तं चहा भेटते, पोहे भेटतेत, खरं काई भेटत नाई. आन् चौकशीले आलेला मानूस मले दुरूनच समजते—तो भाव करत नाई. जे सांगन त्याले हो मनते. आरमोरीचे हावो मनता? बरं. आरमोरीले मच्छी भेटाची बंद झाली का जी? वैनगंगा तिकडून वाहत नाई आता? सहज इचारलं. तुमी आरमोरीचेच, आन् मी बायनाबाईच. जमलं आपलं.

—ओ काकू, पुढं जा, पुढं! आज त्या जागेवर कोनी नाई बसलं! ... पाह्यलं का भाऊ, माह्याकडं पाहून "कुंता, कुंता" करून राह्यली. मोतीबिंदू हाये तिले, दिसन त्याले कुंता मनते. कुंता म्हंजे त्या टुरीची माय, केवळरामची बायको. ते बाजूची ताडपत्री झाकलेली जागा तिची. आज नाई आली. काऊन नाई आली? मले काय माईत जी, मानसाले हजार कामं राह्यतेत. तुमाले जे पायजे ते मीच सांगतो, कुंतापेक्षा मले जास्त माईत हाये. टुरीचं नाव रिंकू. उंचीनं बरी, रंगानं माह्यावर—आपल्या मायवर गेली, गव्हाळ. शिक्षण पाहा तं इथच्याच कॉलेजात शिकली, मंग पुढचं चंद्रपूरले केलं, आता तिथीच संशोधन करून राह्यली. सैपाक? येते ना. वरन येते, भात येते, मच्छीचा रस्सा तं असा करते का—नाई, खोटं काऊन बोलू, गिऱ्हाईकासंगं मी खोटं बोलत नाई. रस्सा नाई जमत तिले. मच्छी साफ करते डॉक्टरासारखी आन् रस्सा करते पान्यासारखा. माय कशी हाये? कुंता? थांबा जरा, हा कल्ला काढू द्या. कुंता लय फटकळ बाई हाये भाऊ. जिभेले हाड नाई. थोडीशी भांडखोर बी हाये, ते लपवत नाई मी. पन दिसाले बरी हाये. ह्या वयात बी बरी दिसते. अख्ख्या बाजारात तिच्यासारखी नाई मनलं तरी चालन. काऊन हासता?

आता खरं इचारा ना जी, जे इचाराले आले ते. त्या हाडाचं. पोटात ठेवून नोका बसू, वाकडं तोंड करून बसल्यानं मच्छी सस्ती होत नाई. हो, खरं हाये. जे आयकलं ते खरं हाये. टुरी हाड खानारं पोसते. किडे नाई जी! किडे कोन मनलं तुमाले? पेशी. पेशी मनतेत त्यायले, आपल्या अंगात ज्या राह्यतेत त्याच. इंग्रजीत काई तरी लांबलचक नाव हाये, माह्या तोंडात बसत नाई, मी हाडखाऊ मनतो. तुमच्या हाडात बी हायत, माह्या हाडात बी हायत, ह्या रोहूच्या बी होते बिचाऱ्याच्या. तुमी घमेल्यावर बसून हाव ना, तं ह्या घडीले तुमच्या मांडीचं हाड कोनीतरी कुरतडून राह्यलं हाये—अवो उठता काऊन! बसा, बसा. जनमल्यापासून कुरतडून राह्यले, आजच काई मोडनार हाव तुमी? आन् पाय काऊन मांगं घेता? हे रोहूचे खवले हायत, हे काई चावत नाई. मांगच्या स्थळाचे एक जन असेच आल्ते चौकशीले. ते मले इचारते, बाई, पोरगी ते किडे पेटीत घालून सासरी आनन का? मी मनलं आनन ना जी, आंदनातच देनार हावो आमी, पन ते काई सगळ्यायले खात नाई, खोटं बोलनाऱ्याचेच हाडं खातेत, तुमाले कशाचं भेव? तं ते मच्छी बी न घेता गेले. आमी देनार हावो म्हंजे—गावातले सारेच आले ना त्यात. गावची पोरगी म्हंजे सगळ्यायचीच.

मी पाह्यले भाऊ ते हाडखाऊ. ह्या डोळ्यानं. टुरीनं नेलं होतं ना एकदा चंद्रपूरले—म्हंजे कुंताले नेलं, मी सोबत गेली, बाईमानसाले सोबत नोको का? तिथी जोडे बाहेर काढा, हात धुवा, डोक्याले टोपी घाला, मले तं खोकला आला तरी गिळला मी. तिले संशोधन शिकवनाऱ्या सरिता मॅडम लय चांगल्या, मले खुर्ची देल्ली, दुर्बिनीत पाहा मनल्या. आंधी ते बारीक बारीक राह्यतेत, उंदराच्या हाडातल्या मगजातून काढलेले—हो, उंदराच्या! आपल्याकडं धानाच्या कोठीले उंदीर लागला तं लोकं काठी घेऊन धावतेत, आन् तिथी पांढऱ्या उंदरायसाठी भिंतीतून थंडी हवा सोडली हाये जी. केवळरामच्या घरचा पंखा धक्का मारल्याबिगर फिरत नाई. तं ते बारीक पेशी तबकडीत ठेवाचे, वरून गुलाबी पानी घालाचं, त्या पान्यातच त्यायचं जेवन. आन् दोन औषधं टाका लागतेत. एकानं ते जगतेत, आन् दुसऱ्यानं त्यायले हाडाची भूक लागते. दुसरं नाई टाकलं तं बसून राह्यतेत आमच्या ग्रामपंचायतीसारखे. टाकलं का मंग एकमेकाच्या अंगात घुसतेत—इकडून एक येते, तिकडून एक येते, मिळून एकच मोठी पेशी होते. आयत्यावर, तांदळाच्या धिरड्यावर, तीळ सांडावे ना, तशी दिसते. तो एक एक तीळ म्हंजे आंधीची एक एक बारीक पेशी. मी मनलं अवो हे तं एकत्र कुटुंब हाये! तं टुरी मनते, हो आई, आन् एकत्र झाल्याबिगर त्यायले हाड पचत बी नाई. —आई नाई, काकू. काकू मनली ती मले. काकूच मनते.

आन् नखरे किती त्यायचे! एक कपाट हाये, त्यात ऊब कशी, तं खुडूक कोंबडीच्या पोटाखाली राह्यते तशी. त्या कपाटाचा दरवाजा उगीच उघडाचा नाई. गुलाबी पानी पिवळं पडलं का समजाचं, पोरायले भूक लागली. एक दिवसाआड पानी बदलाच लागते—दिवाळी असो, मयत असो, का कोनाचं लगन असो. नाई बदललं तं सारी मेहनत मातीत. आन् मोठे झाले का जास्त दिवस जगत बी नाई ते, तेवढ्यातच त्यायले हाडावर सोडाचं, मंग ते बारीक बारीक खड्डे कोरतेत आन् टुरी ते खड्डे पाह्यते. तुमी मनान, असं हाड खानारं पोसाचंच कशाले? मी बी हेच मनलं. बांधनारं पोस ना मनलं बाई, लोकायले सांगाले बरं राह्यते. तं टुरीनं मले बोडी सांगतली. आपल्या वावरातली पान्याची बोडी. मनली, गाळ काढलाच नाई तं काय होते? बुजते. आन् नुसतीच खंदत राह्यलं, पाळीवर माती टाकलीच नाई तं? फुटते. हाडाचं तसंच हाये मने, जुनं खानारा पायजे तवा नवं बांधनाऱ्याले जागा होते. म्हतारपनी बाईच्या अंगात खानारे माजतेत आन् बांधनारे थकतेत. ते खानारे कशानं आवरतेत, हे पाह्याचं तं आंधी ते तबकडीत वाढवता आले पायजेत. माही सासू—कुंताची सासू—पडली बी नाई जी, खाटेवर जरा जोरानं बसली, तेवढ्यानंच खुबा गेला. मंग खाटेवरून उठलीच नाई. टुरी तवा बारावीत होती, आजीचं धुनं-पुसनं सारं तिनंच केलं, आन् म्हतारी एकच इचारे, रिंकू, मी पडलीच नाई तं मोडलं कसं? टुरीनं ते जे धरलं ते धरलंच. बाकीच्या पोरी मेंदीचे फोटो पाह्यतेत, हे खड्ड्यायचे पाह्यते.

आता हा डबा. पाहा, रोहूचे खवले फेकत नाई मी, ह्याच्यात टाकतो. कुंतासाठी जी, शेजारधर्म. खवला म्हंजे मच्छीचं हाडच व्हय मनते टुरी—पातळ, उजेडात धरला का आरपार दिसते, तं त्याच्यावर खड्डा पडला का लपत नाई. म्हशीच्या हाडाच्या चकत्या बी वापरतेत, पन त्या कापा, घासा, लय उठाठेव. खवले आपल्याकडं ढीगानं. शनिवारी टुरी हाडखाऊयले जेवाले घालून घरी येते, सोमवारी सकाळच्या बल्लारशाच्या गाडीनं डबा घेऊन जाते, पोचली का आंधी त्यायचं पानी बदलते मंग आपला चहा पेते. ह्या हप्त्यात येत नाई मनली, तबकड्या तयार झाल्या, खवले पाठव मने कोनाच्या तरी हातानं. आता खवल्याचा डबा कोन नेनार जी? लोकं आपल्या लेकराचा डबा न्याले तयार नाई. एका बारीले तिनं नेला, उन्हाळ्याचे दिवस होते, डबा असा वासला का नागभीड येत पावतर अख्खी बोगी पांगली. आन् नागभीडले एक टुरा चढला, तो सरळ येऊन हिच्या समोर बसला. सारे नाक दाबून तिकडं उभे, हा इथी पाय पसरून. टुरी मनली, तुमाले वास नाई येत का? तं तो मनते, आमच्या घरचाच वास हाये, कुठी उठून जाऊ? आपल्याच समाजाचा निंघाला. घुग्घुसले सिमेंटच्या कारखान्यात हाये, शिफ्टवर चालला होता. नाव मले काई पक्कं माईत नाई. भूपेश का कोन. तुमी काऊन दचकले? तुमी तं आरमोरीचे.

आन् गंमत आयका. त्याच्या आंधी टुरी मने, आई, डबा दोन पिशव्यायत बांध, वास नाई गेला पायजे. त्या दिवसापासून मनते, राहू दे ना आई, एकच पिशवी पुरे. माय काय आंधळी हाये का बहिरी हाये? समोरची जागा नागभीडपर्यंत खाली राहाले पायजे ना! वासच नाई आला तं लोकं बसनार नाई का तिथी? तोंडानं एक शब्द नाई बोलली टुरी, पन पिशवीनं सांगतलं सारं.

मंग मी घोळ केला. कुंतानं केला, कुंतानं. मायेनंच केला बिचारीनं. आपली पोरगी वासाचा डबा मांडीवर घेऊन जाते आन् लोकं तोंड फिरवतेत, हे मायले कसं पाहवन? पिशवीचं तवा तिले समजलं नव्हतं. तं मच्छी सुकवताना करतो ना आपन, तसे खवले चोळून चोळून धुतले, मीठ लावलं, मूठभर हळद लावली आन् ताडपत्रीवर वाळू घातले. कसे सोन्यावानी दिसत होते जी! डबा भरून देल्ला, बोलली नाई, मनलं पोरगी खोलून पाहीन तं खुश होईन. गाडीत वास नाई, तं बोगी गच्च भरली. नागभीडले त्या टुऱ्याले पाय ठेवाले जागा नाई भेटली, चंद्रपूरपर्यंत दरवाज्यात लटकून गेला. आन् तिकडं टुरीनं डबा खोलला तं पिवळा जर्द! धुतले, उकळले, पुन्हा धुतले—हळद का अशी जाते? दुसरे खवले नाई, हाडखाऊ तं तयार होऊन बसलेले, नाइलाजानं सोडले त्याच्यावरच. मेले ना सारे. अख्ख्या तबकड्या. एकानं बी खड्डा नाई खंदला. हळदीनं मेले का मिठानं मेले देवाले माईत, पन मॅडम मनल्या हळदच व्हय, त्या पोट धरून हासल्या, मनल्या रिंकू, तुह्या आईनं हाडखाऊयचं लगन लावलं का काय? टुरी नाई हासली. शनिवारी तोंड फुगवून घरी आली, भाताले हात नाई लावला, माह्यावर अशी ओरडली, अशी ओरडली—आन् मी मनात मनलं, बाई, अर्धा राग हाडखाऊयचा हाये आन् अर्धा नागभीडचा. माह्यावर म्हंजे कुंतावर जी. मी आपली बाजूले बसून होती. आयकू येते ना, घरं लागून हायत.

तवापासून मॅडमनं नियमच केला, हळदीचे हात घेऊन आतमंदी यायचं नाई. आता तुमी समजदार मानूस, मी कुठी चालली तुमाले समजलंच असन. लगनात हळद लागते. आन् आपल्याकडं हळद लागली का नवरी मांडवाबाहेर पाय टाकत नाई. तोंडाले हळद, पायाले हळद, हात तं कोपरापर्यंत माखतेत बाया, आन् नखातली पिवळाई कितीक दिवस निंघत नाई. हाडखाऊ काय मनतीन, रिंकूचं लगन हाये, आमी उपाशी राह्यतो? हातमोजे घालते जी ती, घालते, मी बी मनलं हातमोजे घालतच ना तू. पन एकदा हात पोळला ना तिचा, आता हळदीचा डबा दिसला तरी दूर सरकते. तिचं मननं एवढंच—हळद पायाले लावा, तोंडाले लावा, हाताले नाई. आन् हळदीच्या दिवशी पानी बदलाची पाळी आली तं सकाळी जाईन, संध्याकाळी मांडवात हजर. पह्यल्या स्थळाचे लोकं मनले, हळदीची पोरगी वेशीबाहेर? अपशकुन हाये. गेले. दुसरे मनले, हळदीचं पाहू, पन लगन झालं का हे हाडाचं बंद, शिलाई मशीन घेऊन देतो. टुरीनं त्यायले चहा पाजला, सुपारी देल्ली, आन् वाटेले लावलं. तवा कुंताले काईच नाई वाटलं. उलटी हासली. दुसरं येईन मनली.

तुकडे मोठे ठेवू का बारीक करू? ... मोठेच बरे. बारीक केले तं रस्स्यात फुटतेत. ... पन आता भेव लागते भाऊ. खरंच सांगतो, आता मले भेव लागते. काऊन का ह्या बारीले टुरीचं मन बसलं. मन बसलेली टुरी वाकते. मांगच्या हप्त्यात घरी होती तं आंगनात उभी राहून मॅडमसंगं फोनवर बोलून राह्यली होती, मी सांदीत भांडे घासून राह्यली होती, तं कानावर आलं—मॅडम, माह्या तबकड्या कोनाले तरी शिकवून ठेवतो मी, तिकडचे लोकं काय मनतीन मले माईत नाई. अवो, अजून कोनी काई मनलं नाई! स्थळ सांगून आलं नाई, मांडव नाई, सुपारी नाई, आन् हे आपल्या मनानंच सोडाले तयार! माह्या हातातली गंजी सुटली. राग नाई आला जी, रडू आलं. म्हतारीचं सारं करून ते पोरगी शिकली, बोगीतल्या लोकायचे तोंडं पाह्यले तिनं, मेलेल्या तबकड्या धुवून पुन्हा पह्यल्यापासून लावल्या. आन् एका टुऱ्यासाठी सारं दुसऱ्याच्या हाती देनार? टुरा चांगला हाये, तेच तं वाईट हाये. वाईट असता तं विळा दाखवून हाकलला असता मी. वाईट मानसासंगं बाई भांडते. चांगल्या मानसापुढं न सांगता वाकते आन् मंग तशीच राह्यते. मी नाई का राह्यली? बापाच्या घरी मी डोंग्यात उभी राहून जाळं टाको, वैनगंगेच्या मधोमध, माह्यासारखं जाळं गावात कोनाचंच गोल नाई पडे. लगन झालं आन् सोडलं. केवळरामनं मना नाई केली, खोटं नाई सांगत, तोंडानं नोको बी नाई मनला तो. नुसतं एकदा तोंड पाडलं. मी तेवढ्यानंच डोंग्यातून उतरली ते बोऱ्यावर येऊन बसली. आता ते मारते मच्छी आन् मी इकते, आन् अजून बी त्याचं जाळं वाकडंच—

... केवळराम मनलं का मी? तुमाले आयकू नाई आलं बरोबर. गाड्यायचा आवाज किती हाये पाहा इथी. मी आमच्या मालकाचं सांगत होती. बाजारात सगळ्यायचे मालक एकसारखेच, नावं इसरतो मी.

ते जाऊ द्या. आता मी इचारतो, तुमी सांगा. समजा—नुसतं समजा जी—तुमी आरमोरीचे नाई. समजा नागभीडचे हाव, आन् तुमचा टुरा घुग्घुसले हाये, आन् त्याचं नाक अस्सं मधातून वाकडं हाये, जसं तुमचं हाये तसंच. टुरी सांगत होती ना नाकाचं, हासू हासू. हो जी भूपेशचे बाबा, घमेल्यावर टेकले तवाच वळखलं मी तुमाले! अर्ध्या बाजाराले फसवान, बायनाबाईले नाई फसवू शकत. तं सांगा आता, तुमच्या मांडवात बिनहळदीच्या हाताची नवरी चालन का? लगन झाल्यावर ती बोगीत वासाचा डबा घेऊन बसली तं तुमचे सोयरे नाक दाबतीन, चालन का? सनावाराले पुरनाच्या पोळ्या टाकून ती हाडखाऊयचं पानी बदलाले जाईन, चालन का? नाई चालत तं इथीच सांगा, मच्छी बाजारात, माह्या कानात. मी कुंताले सांगन, आन् कुंता काई तरी करून हे स्थळ टुरीच्या कानावर पडाच्या आंधीच मोडन. टुरी रडन. रडू द्या. थोडे दिवस रडन आन् मंग आपल्या तबकड्यायत रमन. पन हो मनून घरी न्यान आन् मंग एक दिवस नुसतं तोंड पाडान—ते नोका करू जी. हात जोडतो. मच्छीचे हात हायत, तरी जोडतो.

... काऊन, पैसे काढता? मी इचारलं काय, तुमी देता काय! बरं. राह्यलं. घ्या तुमचा रोहू, मुंडकं बी टाकलं हाये, घरी रस्सा कराले सांगा. पैसे राहू द्या त्या वजनाच्या बाजूले. उठले? उठा जी. आरमोरीची जीप तिकडून भेटते, तुमाले आरमोरीलेच जायचं हाये ना?

—अवो, तो डबा काऊन उचलता! तुमची मच्छी ह्या पिशवीत हाये. तो खवल्यायचा डबा हाये, कुंताचा. ... काय मनलं? उद्या भूपेशची शिफ्ट हाये? मंग मी काय करू? ... भूपेशच्या हातानं पोचवता? तुमी? मघा तं चप्पल मांगं घेत होते! ... ह्या खवल्यायले हळद नोको लावजा, असं मले काऊन सांगता जी, ते कुंतानं लावली होती, मी तं—

काय?

बायनाबाई तुमची मावसबहीन?

अरे देवा. म्हंजे तुमाले बसल्यापासूनच ... आन् मी इथी कुंता दिसाले बरी हाये, आन् मोतीबिंदू, आन् काकू ... काऊन हासत होते ते आता समजलं मले. आन् ते बायना! सकाळी मले मनते, कुंता, आज माह्या बोऱ्यावर बस वो, इकडं सावली हाये, मी जरा पोरीकडं जाऊन येतो. मी मनलं आज काय माया उतू चालली हिची. येऊ द्या तिले. येऊ द्या, तिचं एक हाड जाग्यावर नाई ठेवत मी. ... हळू नोका बोलू जी, खरंच आयकू नाई येत. काय? पायालेच? ... आन् तिच्या हाताची हळद? ... भूपेशच्या अंगाले? दोघायची बी त्यालेच फासता?

...

नाई. काई नाई. थांबा, डब्याचं झाकन दाबून देतो. पैसे उचला ते. उचला मनलं ना. आन् जा आता, मांगं गिऱ्हाईक उभे हायत केव्हाचे. ... दुसरी पिशवी? नोको. एकच राहू द्या, तुमाले नाई समजत ते, तुमच्या टुऱ्याले समजते. जा जी इवाई, जा. डबा सरळ धरा, सांडन.